वाईट बातमी देणारी उद्दिष्टे

राज्य शासनाच्या कुठल्याही विभागाचे मासिक आढाव्याचे प्रपत्र हाती घ्या, रकाने साधारण तेच असतात : अ.क्र., बाब, उद्दिष्ट, साध्य, टक्केवारी, शेरा. बैठकीत सगळ्यांची नजर पाचव्या रकान्यावर खिळलेली असते. ज्याची टक्केवारी सर्वांत कमी, त्याला आधी उभे केले जाते. त्यामुळे क्षेत्रीय कार्यालयातला प्रत्येक जण आपले नाव शेवटच्या दोन-तीनांत येऊ नये एवढे पाहतो. सहाव्या रकान्यात ‘काम प्रगतिपथावर’, ‘पदे रिक्त’, ‘जागा उपलब्ध नाही’, ‘मार्चअखेर पूर्ण होईल’ अशी ठरीव वाक्ये असतात. ती वाचायला वेळ नसतो. वास्तविक, विभागाच्या पुढच्या तीन वर्षांच्या नियोजनाचा कच्चा माल तिथेच पडलेला असतो. कुठली पदे भरली नाहीत म्हणून काम अडले, कुठला नियम आडवा आला, कुठल्या दोन कार्यालयांत कागद फिरत राहिला, हे सारे त्या रकान्यात त्रोटक का होईना लिहिलेले असते.

हे पुस्तक शासकीय विभागाचे धोरणात्मक नियोजन आणि कामगिरीची उद्दिष्टे या विषयावर आहे. योजना राबवणे आणि विभाग चालवणे यांत फरक असतो. योजनेला शासन निर्णय असतो, लेखाशीर्ष असते, लाभार्थी ठरलेले असतात. विभागाच्या अंगावर मात्र योजनांशिवाय बरेच काही असते : सेवाप्रवेश नियम, बदल्या, विभागीय चौकशा, न्यायालयीन प्रकरणे, लेखाआक्षेप आणि अधिवेशन लागले की तारांकित प्रश्न व लक्षवेधी. ‘अत्यंत तात्काळ’ असा शिक्का मारलेला कागद रोज येतो आणि तो बाकीच्या सगळ्या कागदांच्या पुढे जातो. अशा धबडग्यात पाच वर्षांचा विचार करायचा कोणी आणि कधी? पुस्तक या प्रश्नाला भिडते, म्हणून ते महत्त्वाचे वाटते.

यातल्या प्रकरणांचे सार मला एका कसोटीत सांगता येईल. जे उद्दिष्ट विभागाला वाईट बातमी देऊ शकत नाही, ते उद्दिष्ट कामाचे नाही. नियोजनाचे आराखडे, सादरीकरणे, हिरव्या-पिवळ्या-लाल रंगांचे डॅशबोर्ड ही सगळी साधने झाली. त्यांच्यामधून वरिष्ठाला नको असलेली माहिती वेळेत वर पोहोचते की नाही, एवढ्यावर त्यांची किंमत ठरते.

कामगिरी मोजण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. खर्चाबरोबर कामही दाखवणारे अंदाजपत्रक असावे, असे अमेरिकेतल्या हूव्हर आयोगाने १९४९ मध्ये सुचवले. भारतात १९६६ साली नेमलेल्या पहिल्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने तोच आग्रह धरला आणि पुढे महाराष्ट्रातल्या विभागांची ‘कार्यक्रम अंदाजपत्रके’ छापली जाऊ लागली. केंद्राने २००५-०६ पासून फलनिष्पत्ती अंदाजपत्रक आणले. २००९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळ सचिवालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. वर्षाच्या आरंभी मंत्री आणि सचिव यांनी एका दस्तऐवजावर सह्या करायच्या. त्यात प्रत्येक उद्दिष्टाला भारांक द्यायचा, भारांकांची बेरीज शंभर आणि ‘उत्कृष्ट’पासून ‘निकृष्ट’पर्यंत पाच पायऱ्या आधीच आकड्यांत ठरवून ठेवायच्या. वर्ष संपल्यावर वाद घालायला जागा राहू नये, हा त्यामागचा हेतू होता. कल्पना नेटकी होती. २०१४ नंतर ती मागे पडली.

या इतिहासातून एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येक वेळी नवे प्रपत्र आले. जुने मात्र बंद झाले नाही. कार्यक्रम अंदाजपत्रक चालूच राहिले, मासिक प्रगती अहवाल चालूच राहिला, त्यात पोर्टलवरची नोंद आली आणि वर व्हीसीसाठीची वेगळी पीपीटी आली. तालुक्याच्या पातळीवर हे सगळे भरणारा माणूस बहुधा एकच असतो. त्याने एकच आकडा चार ठिकाणी चार वेगवेगळ्या तारखांना भरायचा. मग चारही ठिकाणचे आकडे जुळवण्यातच त्याचे कौशल्य खर्ची पडते. म्हणूनच धोरणात्मक नियोजनाचे पहिले काम म्हणजे काय थांबवायचे याची यादी करणे, ही या पुस्तकाची भूमिका मला पूर्णपणे पटते. अशी यादी नसलेला आराखडा हा केवळ जादा काम असतो.

आपल्या कार्यालयीन परंपरेत वाईट बातमी देणारी साधी साधने होती, याचीही आठवण ठेवायला हवी. प्रत्येक लिपिकाची कार्यविवरण नोंदवही आणि तिच्यावरून काढलेला साप्ताहिक गोषवारा हे त्यांतले सर्वांत जुने. आरंभीची शिल्लक, आठवड्यात आलेली प्रकरणे, निकाली काढलेली, अखेरची शिल्लक. शिवाय शिल्लक प्रकरणे किती जुनी आहेत याची फोड. एक महिन्याच्या आतली किती, तीन महिन्यांवरची किती, वर्षावरची किती. हा शेवटचा तपशील लपवायला कठीण असतो. दर आठवड्याला वीस प्रकरणे येतात आणि वीस निकाली निघतात असे दिसले तरी, वर्षावरची अकरा प्रकरणे महिनोन्महिने अकराच राहिली तर सोपी प्रकरणे पुढे जाताहेत आणि अवघड तळाशी बसली आहेत हे कळते. गोषवारा तपासणारा अधिकारी जाणता असेल तर तो एकूण बेरजेकडे पाहतच नाही, तो सर्वांत जुने प्रकरण मागवून घेतो.

१९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात अनिलकुमार लखिना यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्हाधिकारी कार्यालयात केलेली फेररचना ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ओळखली गेली. बसण्याची मांडणी, कामाची ठरीव पद्धत, अभिलेखांची लावणी अशा साध्या गोष्टींपासून त्यांनी सुरुवात केली. पुढे पुणे विभागात आयुक्त एस. चोक्कलिंगम यांच्या काळात ‘झिरो पेंडन्सी’ मोहीम गाजली. तिचा पायाही तोच होता : अभिलेखांचे अ, ब, क, ड वर्गीकरण, सहा गठ्ठा पद्धत, मुदत संपलेल्या कागदांचा निपटारा आणि त्या-त्या दिवशीचे काम त्या-त्या दिवशी. या दोन्ही प्रयोगांत उद्दिष्ट डोळ्यांना दिसणारे होते. गठ्ठे लागले आहेत की नाहीत, हे दारातून आत येणाऱ्यालाही समजते. त्यासाठी अहवाल लागत नाही. ‘कामकाजात गतिमानता आणणे’ हे उद्दिष्ट मात्र कुणालाच कधी खोटे ठरवता येत नाही, म्हणून ते प्रत्येक आराखड्याच्या पहिल्या पानावर असते.

आता एक उदाहरण जवळून पाहू. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हा राज्यातला कामगिरीच्या उद्दिष्टांचा सर्वांत ठोस कायदा. सेवा अधिसूचित, कालमर्यादा अधिसूचित, जबाबदार ‘पदनिर्देशित अधिकारी’ अधिसूचित. दोन अपिले विभागात, तिसरे लोकसेवा हक्क आयोगाकडे. आणि कसूर झाल्यास पाचशे ते पाच हजार रुपये दंड. उत्पन्नाच्या दाखल्याला पंधरा दिवसांची मुदत आहे. समजा, जूनमध्ये प्रवेशाच्या गर्दीत एका पालकाने सेतू केंद्रातून अर्ज केला. बारा दिवस तो संगणकावर पडून राहिला. तेराव्या दिवशी त्यावर त्रुटी निघाली : एक पुरावा अस्पष्ट, पुन्हा जोडावा. अर्ज आता ‘त्रुटीत’ गेला. पालकाला मोबाइलवर संदेश आला किंवा आलाही नाही. त्याने मजुरी बुडवून पुन्हा फेरी मारली, कागद जोडला आणि दिवस नव्याने मोजले जाऊ लागले. अखेर दाखला मिळाला तेव्हा पालकाच्या हिशेबी सव्वीस दिवस झाले होते, कार्यालयाच्या हिशेबी अकरा. अहवालात ‘मुदतीत निकाली’ची टक्केवारी बिनचूक आली.

यात कुणी खोटे लिहिलेले नाही. दोष मोजणी कुठे उभी राहून केली, त्यात आहे. कार्यालयाच्या टेबलापासून मोजले की अकरा, खिडकीबाहेरच्या माणसापासून मोजले की सव्वीस. विभागाने आपल्या आराखड्यात दोनच आकडे वाढवले, पहिल्या अर्जापासून दाखला हाती पडेपर्यंतचे दिवस आणि मुदतीच्या शेवटच्या तीन दिवसांत काढलेल्या त्रुटींचे प्रमाण, तर कुठल्या तालुक्यात काय चालले आहे ते महिन्याभरात कळेल. हे आकडे संगणकात आजही असतात. ते कोणी मागत नाही, कारण ते चांगले येणार नाहीत.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात जे निरीक्षण मांडले, त्याचा आशय आज सगळ्या प्रशासनशास्त्राने उचलला आहे : मोजमापालाच उद्दिष्ट केले की ते मोजमाप म्हणून निकामी होते. आपल्याकडच्या कुठल्याही मुरलेल्या अव्वल कारकुनाला हे न वाचताच माहीत असते. ‘तक्रारी : निरंक’ असा अहवाल आला तर तक्रारी नाहीत की तक्रारवही नाही, हे तो लगेच ओळखतो.

मोठ्या मोहिमांतही हेच घडते. राज्यात वृक्षलागवडीचे उद्दिष्ट २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी असे चढत गेले. खड्डे, रोपे आणि फोटो मोजणे सोपे होते. तिसऱ्या उन्हाळ्यात किती झाडे उभी आहेत हे मोजणे अवघड आणि गैरसोयीचे. पहिला आकडा त्याच आठवड्यात चांगली बातमी देतो, दुसरा तीन वर्षांनी बहुधा वाईट. जलयुक्त शिवार अभियानाने २०१९ पर्यंत टंचाईमुक्त महाराष्ट्र हे ध्येय ठेवले होते. प्रत्यक्ष आढावे झाले ते मुख्यतः गावे, कामे आणि खर्च यांचे. २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेल्या अहवालात महालेखापरीक्षकांनी साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्चानंतरही भूजलपातळीवर फारसा परिणाम न दिसल्याची नोंद केली. त्यावरचे राजकीय वाद बाजूला ठेवू. प्रशासनाच्या दृष्टीने बोचणारी गोष्ट ही, की निरीक्षण विहिरींतली पाणीपातळी वर्षानुवर्षे मोजणारी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा शासनाच्या घरचीच आहे. गावनिहाय पातळीचा आकडा दर वर्षी आढाव्याच्या प्रपत्रात कामांच्या आकड्याशेजारी बसवला असता, तर हीच चर्चा पहिल्या दोन वर्षांतच झाली असती आणि दिशा बदलायला वेळ मिळाला असता.

याच राज्यात याच्या उलट उदाहरणही आहे. २००५ मध्ये औरंगाबादला राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले, व्ही. रमणी हे त्याचे महासंचालक होते. बालमृत्यूंच्या बातम्यांनी शासन तेव्हा अडचणीत आले होते. अशा वेळी यंत्रणेचा पहिला कल आकडे दाबण्याकडे असतो. मिशनने मात्र प्रत्येक मुलाचे वजन घेण्यावर आणि ते नोंदवण्यावर भर दिला. सगळ्या मुलांची वजने घेतली की कुपोषणाचा आकडा आधी वाढतो. तो वाढू देण्याची तयारी हेच खरे नियोजन होते. आरोग्य आणि महिला व बालविकास या दोन विभागांच्या मध्ये पडणारे मूल कुणाचे, हा प्रश्नही मिशनमुळे ऐरणीवर आला. पुढच्या टप्प्यात गरोदरपणापासून दोन वर्षांपर्यंतच्या पहिल्या हजार दिवसांवर लक्ष एकवटले. दोन वर्षांखालच्या मुलांत वयाच्या मानाने उंची कमी असण्याचे प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे ३९ टक्के होते. २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात ते सुमारे २३ टक्के आढळले. हे सर्वेक्षण आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केले होते, विभागाने स्वतः नव्हे. मोजणारा आणि मोजला जाणारा वेगळा असणे हा या यशोगाथेतला फारसा न सांगितला जाणारा भाग आहे.

ही गोष्ट इथेच संपवली तर ती सोयीची होईल. पाच वर्षांखालच्या मुलांत हेच प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ ला ४६.३ टक्के, २०१५-१६ ला ३४.४ टक्के आणि २०१९-२१ ला ३५.२ टक्के असे आले. म्हणजे दहा वर्षांत मोठी घट आणि मग थांबलेली गाडी. पहिल्या टप्प्याला जे उपाय पुरले, ते दुसऱ्याला पुरत नाहीत, ही या आकड्यांनी दिलेली वाईट बातमी आहे आणि ती वेळेवर ऐकली तर तिचा उपयोग आहे.

आता प्रश्न काळाचा. जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने विभागांसाठी शंभर दिवसांचा कार्यक्रम आखला. क्षेत्रीय कार्यालयांना संकेतस्थळ, सुकर जीवनमान, स्वच्छता, तक्रार निवारण, कार्यालयातील सोयी, गुंतवणूक प्रोत्साहन आणि क्षेत्रीय भेटी अशी सात कलमे दिली. मूल्यमापन क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाकडे सोपवले. १ मे २०२५ रोजी निकाल जाहीर झाला : ४८ विभागांच्या ९०२ मुद्द्यांपैकी ७०६ पूर्ण, म्हणजे ७८ टक्के. अपुरे राहिलेले २२ टक्केही जाहीर केले, ही यातली मोलाची बाब. त्यापाठोपाठ दीडशे दिवसांचा कार्यक्रम आला आणि २०२९, २०३५ व २०४७ असे टप्पे धरून विकसित महाराष्ट्राचा दस्तऐवज तयार करण्याचे काम हाती घेतले गेले.

शंभर दिवसांच्या कार्यक्रमाची ताकद त्याच्या मुदतीत आहे आणि मर्यादाही तिथेच. शंभर दिवसांत होण्यासारखेच त्यात घेतले जाते. उलट २०४७ च्या उद्दिष्टासाठी आज टेबलावर बसलेल्यांपैकी फारच थोडे जण सेवेत असतील. त्याची वाईट बातमी ऐकायला ते हजर नसतील. विभागाची खरी कामे या दोन टोकांच्या मधली असतात. सेवाप्रवेश नियम बदलून पदे भरणे, कालबाह्य नियम काढून टाकणे, अभिलेखांचे संगणकीकरण नीट तपासून पूर्ण करणे, दोन विभागांच्या हद्दीवरचे अधिकार ठरवणे, यांना तीन ते पाच वर्षे लागतात. म्हणून २०२९ हा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पण तीन ते पाच वर्षांचा आराखडा कोणाच्या भरवशावर करायचा? बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा पदावधी सांगतो. त्याच अधिनियमात सामान्यतः कुठलीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा अधिक प्रलंबित राहू नये, असेही म्हटले आहे. दोन्ही तरतुदींचे काय होते ते मंत्रालयाचे जिने चढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आराखडा करणारा सचिव अंमलबजावणीच्या वेळी दुसऱ्या विभागात असतो आणि अंमलबजावणी करणाऱ्याला आराखडा ‘मागच्या साहेबांचा’ वाटतो. यावर पुस्तकात सुचवलेला उपाय साधा आहे. उद्दिष्ट बदलायचे असेल तर बदला. मात्र जुने उद्दिष्ट, त्याचा शेवटचा आकडा आणि बदलाचे कारण हे तीन तपशील त्याच कागदावर लिहा आणि तो कागद जाहीर करा. गुपचूप बदललेल्या उद्दिष्टाइतके नियोजनाला मारक दुसरे काही नाही.

पैशाबद्दलही पुस्तक स्पष्ट बोलते. निधी व्यपगत होऊ नये म्हणून मार्चमध्ये चालणारी धावपळ सर्वांच्या परिचयाची आहे. खर्चाची टक्केवारी हे असे उद्दिष्ट आहे की ते ३१ मार्चच्या रात्री हमखास चांगली बातमी देते. जो अधिकारी डिसेंबरातच ‘हे काम यंदा होणार नाही’ म्हणून निधी समर्पित करतो, त्याच्या नावापुढे मात्र कमी टक्केवारी लागते आणि पुढच्या वर्षी त्याची तरतूदही कापली जाते. वेळेवर खरे सांगितल्याची अशी शिक्षा होत असेल, तर आराखड्यात कितीही सुंदर शब्द लिहून उपयोग नाही.

पुस्तक वाचणाऱ्यांसाठी दोन सूचना. विभागप्रमुखांनी आधी मोजमापांवरची प्रकरणे वाचावीत आणि आपल्या चालू प्रपत्रातली कुठली ओळ आपल्याला गेल्या वर्षभरात एकदाही अस्वस्थ करून गेली नाही, ते शोधावे. ती ओळ काढून टाकता येईल. तालुका-जिल्ह्यात काम करणाऱ्यांनी शेवटच्या भागापासून सुरुवात करायला हरकत नाही. तिथे प्रपत्रे कमी कशी करायची आणि एकाच नोंदीवरून सगळे अहवाल कसे निघतील, याची चर्चा आहे. ज्यांना शासनाबाहेरून शासनाकडे पाहायचे आहे, अशा पत्रकारांना, कार्यकर्त्यांना आणि ग्रामसभेत प्रश्न विचारणाऱ्यांनाही यातून प्रश्न कसा विचारावा हे कळेल. ‘किती टक्के झाले’ याऐवजी ‘कोणी मोजले आणि कुठून मोजले’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा ठरतो.

नियोजनाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. कुठल्या प्रश्नाला प्राधान्य द्यायचे हे लोकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी ठरवतात आणि ते तसेच असायला हवे. विभागाने त्यांना दोन गोष्टी द्यायच्या असतात : ठरले ते करण्याची क्षमता आणि होत नसेल तर त्याची वेळेवर खबर. पहिलीसाठी माणसे, पैसा, तंत्रज्ञान लागते. दुसरीसाठी एवढेच लागते, की आढावा बैठकीत एखाद्या कनिष्ठ अधिकाऱ्याने ‘सर, हे होत नाहीये आणि याचे कारण आपलाच नियम आहे’ असे सांगितले, तर त्याला खाली बसवण्याआधी तो नियम मागवून घेतला जावा.